इंटरप्ट कमी केले, मग वेळ गेला कुठे?

पीएचडीला लागण्याआधी सात-आठ महिने मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत काम करत होते. डोंबिवलीहून लोकल, ठाणे स्टेशनवरून शेअर रिक्षा, आणि मग जुन्या गाळ्यांच्या रांगेतला एक गाळा. खाली मशीन शॉप, वर माळ्यावर आम्ही चार जण संगणकवाले. कारखान्यातल्या मशीनकडून येणारी मोजमापं गोळा करणारी एक छोटी पेटी आम्ही बनवत होतो. आत एका कोअरचा प्रोसेसर, त्यावर लिनक्स आणि चार सिरियल पोर्ट.

त्या पेटीत मी एक 'सुधारणा' केली. इंटरप्टची संख्या ४३ टक्क्यांनी खाली आणली. मी खूश. आणि दुसऱ्या दिवसापासून डेटा गळायला लागला.

आजचा लेख त्या चुकीवर आहे. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये संशोधन करायचं ठरवत असाल, तर 'ओव्हरहेड कमी केला' हे वाक्य तुम्ही शेकडो पेपरमध्ये वाचणार आहात. ते वाक्य कसं वाचायचं, आणि स्वतः लिहिण्याआधी काय तपासायचं, हे मला त्या पेटीने शिकवलं.

इंटरप्टचा खर्च नेमका कशाचा?

आधी खालच्या मशीन शॉपमध्ये जाऊ. लेथवर एक काका काम करायचे. दिवसभरात टेम्पो यायचे, माल उतरायचा, चलानवर सही लागायची. वॉचमन हाक मारायचा, काका मशीन थांबवायचे, हात पुसायचे, सही करून परत यायचे. एकदा मी म्हटलं, "काका, दोन मिनिटांचं तर काम आहे." ते म्हणाले, "सहीला दोनच मिनिटं गं. पण परत हात बसायला पाच लागतात, ते कोण मोजणार?"

इंटरप्टचा खर्च असाच दोन भागांत असतो.

पहिला भाग उघड दिसतो. डिव्हाइस हाक मारतं. प्रोसेसर चालू काम सोडतो, अर्धवट झालेल्या सूचना टाकून देतो, कर्नल मोडमध्ये शिरतो, रजिस्टर जपून ठेवतो, हँडलर चालवतो, सगळं पूर्ववत करून परत जातो. यातसुद्धा एक छुपा खर्च आहे. हँडलरला डिव्हाइसचं एखादं रजिस्टर वाचावं लागलं, तर ते वाचन बसवरून जाऊन उत्तर घेऊन येईपर्यंत प्रोसेसर ताटकळतो. पीसीआय एक्स्प्रेसवर अशा एका वाचनाला शेकडो नॅनोसेकंद सहज जातात. तेवढ्या वेळात आजचा प्रोसेसर हजारभर सूचना उरकू शकला असता. शिवाय जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन उघड झाल्यावर अनेक प्रोसेसरसाठी कर्नल आणि प्रोग्रॅमची पेज टेबलं वेगळी ठेवावी लागली. त्यामुळे कर्नलमध्ये आत-बाहेर करणंच महाग झालं.

दुसरा भाग म्हणजे काकांचं 'हात बसणं'. हँडलर चालताना त्याचा कोड आणि डेटा कॅशेमध्ये येतो, आणि चालू प्रोग्रॅमचा डेटा बाहेर ढकलला जातो. परत आल्यावर प्रोग्रॅमला तो पुन्हा मेमरीतून आणावा लागतो. हा वेळ हँडलरच्या खात्यावर पडत नाही, बिचाऱ्या प्रोग्रॅमच्या खात्यावर पडतो. म्हणून नुसतं हँडलर किती वेळ चालला हे मोजलं, तर खर्च नेहमी खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

आता हिशेब अगदी साधा मांडू. एकूण खर्च म्हणजे दोन गोष्टींची बेरीज:

- दर इंटरप्टमागे ठरलेला खर्च (आत-बाहेर करणं, कॅशेची मोडतोड)
- दर बाइटमागे किंवा पॅकेटमागे खर्च (तो डेटा उचलून जागेवर ठेवणं)

दहा टेम्पोंचा माल एका टेम्पोत आला तर सह्या दहाऐवजी एक. पण खोकी उतरवायची तेवढीच. इंटरप्ट कमी करण्याने फक्त पहिला खर्च घटतो. पेपर वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: यांच्या कामात पहिला खर्च मुळात होता किती?

माझी सुधारणा

सिरियल पोर्टच्या जुन्या ८२५० चिपमध्ये आलेला एकच बाइट धरून ठेवायची जागा होती. प्रत्येक बाइटला एक इंटरप्ट, आणि पुढचा बाइट पूर्ण येण्याआधी आधीचा उचलला नाही तर तो गेला. नंतरच्या १६५५० ए चिपमध्ये १६ बाइटची रांग आली. तिच्यात एक सोय आहे: रांगेत किती बाइट जमल्यावर हाक मारायची हे सांगता येतं. पर्याय चार: १, ४, ८ किंवा १४. लिनक्सचा ड्रायव्हर या चिपसाठी आपण होऊन ८ निवडतो. आणि थोडेच बाइट येऊन ओळ शांत झाली, तर साधारण चार बाइटच्या वेळेनंतर चिप आपणहून हाक मारते, त्यामुळे काही अडकून पडत नाही.

आमच्या पोर्टचा वेग १,१५,२०० बॉड होता. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, दर ८७ मायक्रोसेकंदांना एक. आकडा ८ असताना एका पोर्टचे सेकंदाला १,४४० इंटरप्ट, चारचे मिळून ५,७६०. मी आकडा १४ केला. एका पोर्टचे ८२३, चारचे मिळून सुमारे ३,२९०. झाली ४३ टक्के बचत.

इंटरप्टची फाइल उघडून आकडे कमी झालेले बघितले, साहेबांना दाखवले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी एका मशीनची मोजमापं मध्येच तुटायला लागली. रोज नाही, दर मिनिटाला नाही, तासातून काही वेळा. आधी वायरवर संशय घेतला, मग कनेक्टरवर, मग मशीनवाल्यांवर. तिसऱ्या दिवशी कुठे मला सिरियल ड्रायव्हरची स्थिती दाखवणारी फाइल बघायचं सुचलं. त्यात 'ओव्हररन' नावाचा एक मोजणीचा आकडा असतो: रांग भरली, कुणी उचललं नाही, बाइट वाया गेला. तो वाढत होता. म्हणजे चूक वायरची नव्हती, माझी होती.

उसंत कुठे गेली?

आता हा दुसरा हिशेब बघा, जो मी आधी केलाच नव्हता.

आकडा ८ असताना आठवा बाइट आला की हाक जाते. रांगेत अजून आठ जागा, आणि चिपमध्ये पुढचा बाइट येत असताना तो जमा करणारं एक वेगळं रजिस्टर. म्हणजे नवव्या जादा बाइटला डेटा वाया जातो. ९ गुणिले ८७, म्हणजे साधारण ७८० मायक्रोसेकंद. इतका उशीर झाला तरी चालेल.

आकडा १४ असताना मागे दोनच जागा आणि ते एक रजिस्टर. ३ गुणिले ८७, साधारण २६० मायक्रोसेकंद.

मी इंटरप्ट ४३ टक्क्यांनी कमी केले, पण कर्नलकडे असलेली उसंत दोन-तृतीयांशने कमी केली. बचत फुकट मिळालीच नव्हती. तिची किंमत मी वेळेच्या मर्यादेत भरली होती, आणि ती मर्यादा मी मोजलेली नव्हती.

मग २६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त उशीर करत होतं कोण? लिनक्समध्ये एफट्रेस नावाचं साधन आहे. इंटरप्ट सगळ्यात जास्त वेळ कुणी आणि किती वेळ बंद ठेवले, हे ते सांगतं. ते लावलं आणि गुन्हेगार सापडला: पेटीवरच्या छोट्या डिस्प्लेचा ड्रायव्हर. तो आमच्याच टीमने लिहिला होता. डिस्प्लेला डेटा पाठवताना तो पिनांवर एकेक बिट हाताने चढवत-उतरवत होता, आणि ते करताना इंटरप्ट बंद ठेवणारं लॉक धरून बसायचा. सुमारे ४०० मायक्रोसेकंद. एकच कोअर असल्यामुळे तेवढा वेळ कुणाचीच हाक ऐकू जात नव्हती.

४०० हा आकडा ७८० पेक्षा कमी आहे, म्हणून आधी काही बिघडत नव्हतं. ४०० हा आकडा २६० पेक्षा जास्त आहे, म्हणून माझ्या सुधारणेनंतर बिघडलं. डिस्प्लेमधला दोष आधीपासून होता. त्याला झाकणारी उसंत मी काढून घेतली.

आणि या सगळ्यात वाचलं काय? एका इंटरप्टचा ठरलेला खर्च ३ मायक्रोसेकंद धरू. सेकंदाला साधारण २,४७० इंटरप्ट कमी झाले, म्हणजे ७.४ मिलिसेकंद वाचले. प्रोसेसरच्या वेळेचा पाऊण टक्कासुद्धा नाही. '४३ टक्के' हा आकडा खोटा नव्हता, पण तो चुकीच्या गोष्टीचा होता.

शेवटी आम्ही आकडा परत ८ वर आणला आणि डिस्प्लेचं काम लॉकच्या बाहेर, एका वेगळ्या थ्रेडमध्ये नेलं. ओव्हररन थांबले.

हीच गोष्ट मोठ्या वेगावर

तुम्ही म्हणाल, सिरियल पोर्ट आता कोण वापरतं? कारखाने वापरतात. पण बरं, नेटवर्क घेऊ.

१० गिगाबिटच्या इथरनेटवर सगळ्यात छोटं पॅकेट ६४ बाइटचं. पुढे-मागे लागणारी जागा धरून ८४ बाइट. हिशेब केला तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख पॅकेट, दर ६७ नॅनोसेकंदांना एक. इथे दर पॅकेटला इंटरप्ट परवडणं शक्यच नाही. पण खर्च जास्त होणं ही एवढीच अडचण नाही. १९९६मध्ये जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी याहून वाईट गोष्ट दाखवली. पॅकेटांचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की प्रोसेसर सगळा वेळ 'पॅकेट आलं' हीच हाक ऐकण्यात घालवतो. ते पॅकेट पुढे पाठवायला, प्रोग्रॅमला द्यायला वेळच उरत नाही. मशीन धावपळ करतंय, पण बाहेर काहीच पडत नाही. याला त्यांनी 'रिसीव्ह लाइव्हलॉक' म्हटलं. काका दिवसभर फक्त सह्याच करतायत आणि लेथ बंद पडलेलं आहे, असं समजा.

यावर दोन वाटा निघाल्या.

एक, नेटवर्क कार्डालाच सांगायचं की थोडं थांब, पॅकेट जमव, मग हाक मार. समजा ५० मायक्रोसेकंद थांबायला सांगितलं. मग एका रांगेचे सेकंदाला २०,००० पेक्षा जास्त इंटरप्ट होणार नाहीत. पण एकटंच आलेलं पॅकेटसुद्धा ५० मायक्रोसेकंद खोळंबू शकतं. मोठी फाइल उतरवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. पण एक छोटा प्रश्न पाठवून त्याच्या उत्तराची वाट बघणाऱ्या डेटाबेसला तो उशीर प्रत्येक प्रश्नाला बसेल. माझ्या १४ आणि ८ चीच ही मोठी आवृत्ती.

दुसरी वाट लिनक्सने घेतली, तिचं नाव 'नॅपी'. २००१मध्ये तिच्यावरचा पेपर आला आणि पुढे ती कर्नलमध्ये रुजली. कल्पना अशी: पहिलं पॅकेट आल्यावर लगेच इंटरप्ट घ्यायचा. मग त्या रांगेचा इंटरप्ट बंद करायचा आणि कर्नलनेच पुन्हा पुन्हा जाऊन पॅकेट उचलायची. एका फेरीत ठरावीक संख्या, साधारणपणे ६४. पॅकेट संपली की इंटरप्ट परत चालू. काम कमी असतं तेव्हा उशीर नाही, काम खूप असतं तेव्हा हाका नाहीत. आणि फेरीला मर्यादा असल्यामुळे बाकीच्यांनाही प्रोसेसर मिळतो.

मग नॅपीची किंमत कुठे गेली? पॅकेटचं मुख्य काम इंटरप्टमधून बाहेर, सॉफ्ट-आयआरक्यू नावाच्या टप्प्यात गेलं. ते कधी चालेल, कुणाच्या खात्यावर चालेल आणि त्याच वेळी चालू असलेल्या प्रोग्रॅमला किती थांबवेल, हे प्रश्न आले. त्या प्रश्नांवर आजही पेपर येतात. तुमचाही येऊ शकतो.

पुण्याचं वेगळं उत्तर

'हाक कशी कमी करायची' याऐवजी 'हाकच नको' असंही एक उत्तर आहे, आणि ते आपल्याकडे वापरलं गेलं आहे. पुण्यात सी-डॅकची स्थापना १९८८मध्ये झाली आणि १९९१मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक आला. त्याचे नोड इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपचे होते.

ट्रान्सप्युटरमध्ये शेड्युलरच हार्डवेअरमध्ये होता. एखादी प्रोसेस दुसऱ्या चिपकडून निरोपाची वाट बघायला लागली की हार्डवेअर तिला बाजूला बसवायचं. चिपच्या लिंक निरोपाचे बाइट स्वतःच मेमरीत उतरवायच्या. निरोप पूर्ण झाला की हार्डवेअर त्या प्रोसेसला तयार असलेल्यांच्या रांगेत टाकायचं. बाहेरून येणारी हाकसुद्धा प्रोग्रॅमला एखाद्या चॅनेलवर आलेल्या निरोपासारखीच दिसायची. मध्ये कर्नलचा हँडलर नाही, की त्याचा आत-बाहेर करण्याचा खर्च नाही.

इथेही तोच प्रश्न विचारा: किंमत कुठे गेली? लवचिकपणात. प्राधान्याच्या पातळ्या फक्त दोन. कुणाला आधी चालवायचं याचा नियम सिलिकॉनमध्ये कोरलेला. लिनक्समध्ये आपण शेड्युलर बदलून बघतो, तशी सोय तिथे नव्हती. समांतर गणितासाठी तो सौदा फायद्याचा होता. सगळ्यांसाठी तो तसा असेलच असं नाही.

संशोधनाला बसताना

इंटरप्ट हा विषय पीएचडीसाठी जुना झाला असं वाटत असेल, तर एक गोष्ट सांगते. एड्सगर डायक्स्ट्रा यांचा १९५९चा प्रबंध याच विषयावर होता: इलेक्ट्रॉलॉजिका एक्स-१ या संगणकाचे इंटरप्ट आणि ते हाताळणारं सॉफ्टवेअर. इंटरप्ट कुठल्या क्षणी येईल हे सांगता येत नाही, म्हणून चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही. ही अडचण तेव्हा होती, आणि तासातून काही वेळाच गळणाऱ्या माझ्या पेटीतही तीच होती.

त्यानंतर मी स्वतःला लावून घेतलेल्या सवयी अशा:

- सरासरीवर थांबू नका. डिस्प्लेमुळे होणारा उशीर सरासरीत दिसतच नव्हता. सगळ्यात वाईट वेळ बघा, आणि हजारातल्या ९९९ वेळा किती उशिराच्या आत काम झालं तोही आकडा द्या.
- संख्या आणि वेळ वेगळे लिहा. 'इंटरप्ट ४३ टक्के कमी' आणि 'प्रोसेसरचा पाऊण टक्का वेळ वाचला' ही एकाच बदलाची दोन वाक्यं आहेत. पेपरमध्ये दोन्ही हवीत.
- आधी उसंत मोजा, मग खर्च करा. डिव्हाइस किती वेळ थांबू शकतं? कर्नल जास्तीत जास्त किती वेळ इंटरप्ट बंद ठेवतो? हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय काही बदलू नका.
- काम हलवलं की कमी केलं, ते ठरवा. हँडलरमधून थ्रेडमध्ये नेलेलं काम नाहीसं होत नाही. त्याने बाकीच्यांचं थांबणं कमी होतं. हा फायदा मोठा असू शकतो, पण तो वेगळा फायदा आहे.

माझे गाईड अजूनही माझ्या प्रत्येक ग्राफवर बोट ठेवून विचारतात, "हे वाचलेलं कुणी दिलं?" सुरुवातीला राग यायचा. आता ग्राफ दाखवायच्या आधी मीच उत्तर लिहून नेते.

आज करून बघा

तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल, तर 'प्रॉक' फोल्डरमधली 'इंटरप्ट्स' नावाची फाइल उघडा. दहा सेकंदांनी पुन्हा उघडा. दोन्हींतला फरक काढा आणि त्याला दहाने भागा. मग एक मोठी फाइल उतरवायला लावा आणि हेच परत करा. कुठली ओळ वाढली, कुठल्या कोअरवर वाढली? शेजारचीच 'सॉफ्ट-आयआरक्यूज' ही फाइलही बघा. तिच्यातल्या नेटवर्कच्या ओळीत पॅकेट नव्हे, तर तो टप्पा किती वेळा चालला ते मोजलेलं असतं. आलेली पॅकेट इंटरप्टपेक्षा कितीतरी जास्त असली, तर कार्डाने पॅकेट जमवली, नाहीतर नॅपीने ती एका फेरीत उचलली. दोन्हींतलं कोण, हे कसं ओळखाल?

वहीत तीन रकाने करा: काय वाचलं, काय दिलं, कुणी दिलं. पुढच्या वेळी एखाद्या पेपरमध्ये 'ओव्हरहेड कमी केला' दिसलं की हे तीन रकाने भरायचा प्रयत्न करा. दुसरा रकाना रिकामा राहिला तर पेपर पुन्हा वाचा. तरीही रिकामाच राहिला, तर तुम्हाला बहुतेक तुमचा प्रश्न सापडला आहे.